बर्फाच्या कप्प्यातली लस

अहो,

मायना एवढाच. ‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण इतक्या वर्षांत कधी तशी हाक मारली नाही, आता लिहायलाही जमेना.

तुम्ही गेलात, त्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला दोन महिने झाले. मला रडू येत नाही. भिंतीपलीकडचे कापडाचे लूम दिवसभर चालतात, तेही ऐकू येत नाहीत. पत्र लिहायला बसले ते एका कामासाठी. रविवारी तुमच्या हाताखाली काम केलेले साळवी तुमच्या कामाच्या वह्या न्यायला येणार आहेत, आणि त्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे.

परवा तुमचे सदरे कुणाला तरी द्यावेत म्हणून काढले. एकाचं बटण तुटलेलं. बटणांचं खोकं घेतलं. तेच, घटसर्पाच्या लसीचं रिकामं खोकं, तुम्ही फेकत होतात आणि मी ठेवून घेतलं होतं. दहा-बारा वर्षं ते माझ्या हाताखाली आहे. तुमच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचत वाचत मी नंतर इंग्रजी शिकले, पण घरातलं खोकं कोण वाचतं? परवा वाचलं. कडेला बारीक अक्षरांत लिहिलंय, गोठवू नका.

स्टोव्हवरचं दूध उतू गेलं.

गणेशपुरीच्या पुढचं ते गाव आठवतं ना? पाऊस लागला की म्हशींना घटसर्प व्हायचा, गळा सुजून एका दिवसात जनावर जायचं. तुम्ही तिथे नुसती लस टोचायला जात नव्हतात. पेंढ्यावर प्रक्रिया करून चारा कसा करायचा, शेण कुजवून भाताला कसं घालायचं, सगळं शिकवत होतात. “आधी जनावर, मग त्याचं शेण, मग भात. एकच साखळी आहे सुमन, मधली कडी तुटली की गेलं!” जेवताना हेच बोलायचात. आमटी गार व्हायची.

गावाला जायच्या आदल्या दिवशी लस आपल्या फ्रिजमध्ये यायची. दुसरा कप्पा तिचा. माझी कोथिंबीर बाहेर सुकायची. मी कुरकुरले की म्हणायचात, “सुकलेली कोथिंबीर वाटणात चालते. लस तापली तर म्हैस जाते.”

तापली तर! एवढंच सांगितलंत. गोठली तरीही ती वाया जाते, हे का नाही हो सांगितलंत? मी सहावी शिकलेली, मला काय कळणार असं वाटलं? की सांगायची वेळच आली नाही?

त्या गावाला जायच्या आदल्या संध्याकाळी लूम एकदम थांबले. लाइट गेली की आपल्या निजामपुऱ्यात आधी ती शांतता कळते. शेजारच्या शमीमभाभी दारात येऊन म्हणाल्या, “गई! अब सुबह तक भूल जाओ.” तुम्ही अजून ऑफिसात. मला एकच भीती, लस तापेल. मी सगळ्या बाटल्या वर बर्फाच्या कप्प्यात सरकवल्या. लाइट तासाभरात आली. बाटल्या मी तिथेच राहू दिल्या. जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, नाही का?

सकाळी बघते तर दगड झालेल्या. तुम्ही अंघोळीला गेला होतात. नळाखाली धरून मोकळ्या केल्या आणि थर्मासात भरून तुमच्या हातात दिल्या. मला तर वाटलं, मी लस वाचवली. सांगण्यासारखं काही आहे, हे डोक्यातच आलं नाही.

पावसात त्या गावच्या म्हशी गेल्या. पारूबाईची दुभती पहिली. तिचं बोलणं तुम्ही घरी येऊन जसंच्या तसं सांगितलंत. “तू टोचलीस ना तिला? मंग मेली कशी? आता तुझा पेंढा पन नको, खत पन नको. जा तू.” गावाने तुम्हाला परत उभं केलं नाही. तुम्ही चार दिवस धड जेवला नाहीत. वहीत लिहिलंत, ‘कारण कळत नाही. चूक माझीच असावी.’ पुढे दुसऱ्या गावांत काम झालं, नाव झालं. पण त्या बाजूच्या एसटीत तुम्ही पुन्हा कधी बसला नाहीत.

बारा वर्षं तुम्ही माझी चूक स्वतःची समजून वागवलीत. आणि मी तुम्हाला जेवायचा आग्रह करत होते!

गेल्या आठवड्यात साळव्यांनी बूथवरून शेजारी फोन केला होता. “वहिनी, सरांच्या वह्यांचं पुस्तक करतोय. त्या एका गावाचं पान तेवढं गाळू. सरांच्या नावाला उगाच डाग नको.” तेव्हा खोकं वाचलं नव्हतं. मी ‘बरं’ म्हटलं.

आताही ‘बरं’ म्हणणं सोपं आहे. पान जाईल, गोष्ट संपेल. कुणाला कळणार?

पण तुम्ही एक आकडा चुकला तरी खोडत नव्हतात. रेघ मारून शेजारी खरा लिहायचात. मी बघितलंय ना ते रोज.

म्हणून हा शब्द देते. ते पान जाणार नाही. तुमच्या ‘चूक माझीच असावी’ या ओळीवर मी एकच रेघ मारीन, वाचता येईल अशी. शेजारी लिहीन: ‘लस चांगली होती. आदल्या रात्री ती मी बर्फात ठेवली.’ खाली माझं पूर्ण नाव. मग पारूबाईकडे जाईन. ओरडेल ती, ओरडू दे. साळव्यांनी विचारलं, तर खोकं दाखवीन.

त्यातली बटणं काढून मी वाटीत ठेवली आहेत.

तुमची,
सुमन