आधी मोडलं, मग पडली

सर,

तुमच्या धाकट्या मुलाविरुद्ध उद्या मी प्रतिज्ञापत्रावर सही करणार आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठतो, गॅलरीत जातो, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यांकडे बघतो. सगळी नोकरी त्यांच्या खाली काढली, आता इथून ती करंगळीएवढी दिसतात. आत बायकोचा वॉकर वाजतो, टक, टक, मग थांबतो. तो थांबला की माझा हात थांबतो. पुन्हा टक झालं की पुढचं वाक्य.

ती पडली आणि मांडीचं हाड मोडलं, असंच सगळे धरून चालतात. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "बाथरूममध्ये घसरल्या का?" आणि ती प्रत्येकाला तितक्याच रागाने सांगते, "घसरले नाही हो. ओट्यापाशी नीट उभी होते. आधी मोडलं, मग पडले." तसंच झालं होतं. तव्यावर पोळी टाकून ती डब्याकडे वळली, आणि मला हॉलमध्ये आवाज आला. मला वाटलं, लाटणं पडलं. ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा मला तुमचा फळा आठवला. शेवटच्या शब्दाखाली तुम्ही जोरात रेघ ओढायचात आणि खडूचे सरळ दोन तुकडे व्हायचे, अगदी तसं, मांडीच्या मधोमध, आडवं. सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, "हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी चालू आहे का? किती वर्षं?" आम्ही नातवावरून हिशेब लावला. गोळी सुरू झाली तेव्हा नातू बालवाडीत होता. आता त्याला मिशा आल्यात.

औषध वाईट नाही, असं तेच म्हणाले. पुष्कळांचे खुबे त्याने वाचतात. पण काही वर्षांनी थांबून बघायचं असतं, पुढे द्यायचं की नाही. आणि गोळी घेणाऱ्या माणसाची मांडी दुखायला लागली, तर ते कधी कधी हाडाला तडा जात असल्याचं लक्षण असतं, तेव्हा आधी एक्स-रे काढायचा. दुसऱ्या पायाचा त्यांनी काढला. तिथेही बाहेरच्या बाजूला हाड जरासं फुगलेलं दिसतंय. त्या पायातही रॉड घालायचा का, ते पुढच्या तपासणीत ठरेल. म्हणून मी वॉकरचा आवाज ऐकत असतो, सर.

त्या गोळीचा एक विधी होता. दर रविवारी सकाळी, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. बायकोला उठल्या उठल्या चहा लागतो, त्यामुळे तो अर्धा तास तिला जन्मठेपेसारखा वाटायचा. मग मी तिच्या मागे मागे गॅलरीत फेऱ्या घालत तुम्ही शिकवलेल्या कविता म्हणायचो, आठवीच्या पुस्तकापासून अकरावीपर्यंत. शाळेच्या मागून मालगाडी जायला लागली की तुम्ही कविता मध्येच सोडायचात, डोळे मिटलेलेच, आणि शेवटचा डबा गेला की नेमक्या त्याच अक्षरापासून पुढे जायचात. मीही तसंच करायचो. खालून भाजीवाला ओरडला की थांबायचं, तो पुढे गेला की त्याच अक्षरापासून. ती म्हणायची, "तुमची कविता ऐकली की गोळी घाबरून आपोआप खाली उतरते." पण एखाद्या रविवारी मी विसरलो तर स्वतःच म्हणायची, "का हो, आज मास्तर रजेवर?" त्या रविवारांसारखे रविवार माझ्या आयुष्यात फार नाहीत. ते कशासाठी होते, हे आता मला कळत नाही आणि त्यावर विचार करायचं धैर्यही होत नाही.

गोळी लिहून दिली ती तुमच्या धाकट्याने. दुसरं कोण देणार? हरसूलहून शिकायला आलेला मी तुमच्या स्वयंपाकघरात जेवायचो तेव्हा तो पाळण्यात होता. त्याच्या आई, आमच्या बाई, आमटीला फोडणी देता देता पाळण्याची दोरी माझ्या हातात देत, आणि मी सकाळी पाठ केलेली कविता म्हणत त्याला झोके द्यायचो. तो डॉक्टर झाला, दवाखाना थाटला, आणि आमच्याकडून त्याने कधी फी घेतली नाही. पैसे पुढे केले की हात जोडायचा. "काका, बाबा वरून बघतायत. त्यांच्या विद्यार्थ्याकडून पैसे घेऊ?" मला किती बरं वाटायचं, काय सांगू. बाहेर बाकावर माणसं नंबर लावून बसलेली असायची आणि आम्ही थेट आत. तिथे काय व्हायचं? चहा यायचा. तुमच्या आठवणी निघायच्या. "गोळी चालू आहे ना काकू? चालू ठेवा." झालं. पहिली चिठ्ठी केव्हाच विरून गेली. मेडिकलवाला आमचा चेहरा बघूनच पाकीट पुढे करतो.

गेल्या वर्षी तुमच्या श्राद्धाला आम्ही जेवायला आलो होतो. तुमच्या फोटोखालीच आमची पानं. तो स्वतः वाढत होता. खीर वाढायला वाकला तेव्हा ही म्हणाली, "अरे, मांडी दुखतेय रे. गुडघा नाही, वर, मधोमध. जिना चढताना आतून कोणी बोट रुतवतंय असं वाटतं." तो हसला. म्हणाला, "काकू, वय झालं आता. मला नाही का दुखत? चालत राहा, गोळी सोडू नका. खीर घ्या अजून." आणि पुढच्या पानाकडे गेला. मी शेजारीच बसलो होतो. तुम्ही वर होता, चंदनाच्या हारात.

वकील गाठायचं हिने ठरवलं. मी म्हटलं, "घरचा माणूस आहे, घरातच बोलू." ती सटाण्याकडची, संतापली की माहेरची अहिराणी बाहेर येते. "पाय मना शे, तुमना नही," म्हणाली, आणि रिक्षा बोलवायला लावली. सीबीएस स्टँडजवळ वकीलबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आमच्यासारखी लिफ्ट नाही. हिला जिना चढता येईना, तेव्हा त्या बिचाऱ्या खाली उतरल्या आणि रिक्षातच हिच्या शेजारी बसल्या. मी बाहेर उभा. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी तपासणीचे कागद मागितले, फीच्या पावत्या मागितल्या. मी म्हटलं, फी तो घेतच नाही. त्यांनी लिहिणं थांबवलं. "मग समोरचे म्हणतील, पैसेच दिले नाहीत तर तुम्ही ग्राहक कसल्या?"

"घेतली असती तर बरं झालं असतं," ही म्हणाली. "फी देणाऱ्याला टेबलावर झोपवून तपासतात. आम्हाला चहा पाजला."

वकीलबाई हसल्या नाहीत. बाकीच्या रुग्णांकडून डॉक्टर पैसे घेतात, तेव्हा त्यावर ग्राहक आयोगापुढे बोलता येईल, असं म्हणाल्या. "पण मांडी दुखते हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं, ते कोणी ऐकलं का?" हिने माझ्याकडे बोट केलं. मी सुरुवात केली ती तुमच्या शाळेपासून. तुमचा तास, मालगाडी, पाळणा. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "आजोबा, श्राद्धाच्या जेवणापर्यंत कधी पोचताय?" आणि वकीलबाई, "काका, काय बोलणं झालं तेवढंच सांगा." एकदा मी वर्गात कविता आळवून आळवून म्हणत होतो तेव्हा तुम्ही फटकारलं होतंत, "गाऊ नकोस. सांग." अख्ख्या वर्गासमोर. तेव्हासारखेच माझे कान तापले. मग मी सांगितलं. चार वाक्यांत झालं.

नोटीस गेली. गेल्या रविवारी तो आला, एकटाच. "वकिलांनी जाऊ नका सांगितलंय, तरी आलो," म्हणाला. साठीचा झालाय, सर. बसतो तुमच्यासारखाच, गुडघ्यांवर तळवे ठेवून. हिने नेहमीप्रमाणे त्याच्यापुढे पाणी ठेवायला मला सांगितलं आणि समोर वॉकर धरून उभी राहिली, बसली नाही.

"ऑपरेशनच्या बिलाचे पैसे तर मला हवेतच, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण त्याहून एक गोष्ट हवी. मांडी दुखते असं मी तुला सांगितलं होतं. एक्स-रे का नाही काढलास?"

पाण्याच्या पेल्याकडे बघत तो म्हणाला, "काकू, त्या दिवशी घरात इतकी माणसं होती. तुम्ही असं काही म्हणालात, मला खरंच आठवत नाही." आणि मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाला आठवतंय?"

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला आठवत नसेल. पंगतीत वाढणाऱ्याला कोण काय म्हणालं ते कुठे लक्षात राहतं? मी नाही म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच लुळं पडलं असतं आणि तुमच्या घराचा उंबरा मला उघडा राहिला असता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. दुसऱ्या, अजून न मोडलेल्या पायावर भार पडू नये म्हणून दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरून भिंतीकडे बघत होती.

"आठवतंय," मी म्हटलं. "तू खीर वाढत होतास."

तो उठला. पेला तसाच राहिला. दारापाशी चपला घातल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढल्या, आत आला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. दर वेळी लावतो. दर वेळी माझ्या तोंडून आशीर्वाद निघतो, विचार करावा लागत नाही. या वेळी मी गप्प उभा राहिलो. तोही क्षणभर वाकलेलाच राहिला, वाट बघितल्यासारखा. मग गेला.

उद्या अकरा वाजता वकीलबाई कागद घेऊन घरीच येणार आहेत. मी सही करीन, सर. त्यात जे लिहिलंय ते सगळं खरं आहे. फक्त एक गोष्ट त्यात नाही, आणि हिलाही मी ती सांगितलेली नाही. तो जिना उतरून गेल्यावर मी दार लावलं, कडी घातली, आणि त्या बंद दाराला म्हटलं, "सुखी राहा."