ओसरीवरचे नऊ पोपट

कळसाडी,
बुधवार, १४ मे २०२५

रोजनिशीतली आजची नोंद आधी उतरवतो: पहाटे साडेपाचला उठलो. नळाला पाणी आले, भरून ठेवले. दुपारी कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला, तासभर झोपलो. नंतर भिंतीपाशी होतो. कुणी आले नाही. दिवस चांगला गेला.

तीर्थरूप रंजनाअक्कास पितांबरचा नमस्कार. वाकून केला असे समज, गुडघे आता पत्रातच वाकतात. तुझी शुगर कशी आहे? फोनच करणार होतो, पण फोनवर तू "बोल" म्हणतेस आणि मग स्वतःच बोलतेस. (राग मानू नकोस.)

तू रविवारी अनुसयाबाईंना घेऊन येणार असा निरोप मिळाला. अक्का, मी लग्न करत नाही. हेमकांतला वाटते बापाने घराला कुलूप लावून नाशिकला यावे, तुला वाटते भावाने पुन्हा संसार मांडावा. मला एकट्याला राहू द्यायला कुणीच तयार नाही. म्हणून झाले ते सविस्तर लिहितो.

कमल गेली तेव्हा लोक दारावर बसायला येत होते, ते तू पाहिलेच. तेरा दिवस सगळे ओसरीच्या भिंतीला डोकी टेकून बसले. माणसे गेली, डोक्यांच्या तेलाचे नऊ गोल डाग राहिले. (सर्वांत मोठा आपल्या भाऊजींचा. त्यांना सांगू नकोस.) दोनदा चुना दिला, दोनदा डाग वर आले. सात महिने रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसत होतो. दुखवट्याची मंडळी उठायलाच तयार नाहीत असे वाटायचे. शेवटी अक्षय्य तृतीयेची आखाजी झाल्यावर एका डागाला चोच काढली, म्हटले निदान पोपट तरी होईल. तो कोंबडा झाला. दुसरा बरा झाला. नऊ झाले तरी रंग उरला, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना सोंड उचललेले दोन हत्ती काढले. इथे चुकलो. आपल्याकडे असे हत्ती लग्नघराच्या दारात काढतात, हे तालुका कचेरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला आठवले नाही. त्यात ही लग्नसराई.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गजराबाई कुंपणाशी आल्या. "काय भाऊ, नवरी कोठली शे?" मी म्हटले, नवरी नाही, भिंतीवर डाग होते. "डाग त समदासले ऱ्हातस भाऊ. बाई चांगली शे ना?" संध्याकाळी मांडववाला रेवजी अंगण पावलांनी मोजून बारा बांबू टाकून गेला. नको म्हटले तर म्हणाला, "लाजू नका आप्पा, समदा असंच म्हनतस."

खरे सांगू? दुसऱ्या पोपटाचा पंख भरताना तीन वाजले आणि ध्यानात आले की चार तास मला कमलची आठवण झाली नाही. फार वाईट वाटले. ब्रश ठेवून तिच्या फोटोसमोर जाऊन बसलो. मग उठून दुसरा पंख भरला. आता आठवण येते, पण शेजारी बसून राहते, गळा धरत नाही. या घरात बोलणारी ती होती, मी ऐकणारा. ऐकणारा एकटा मागे राहिला तर त्याचे कसे होणार, अशी मलाही भीती होती. पण हातात रंग असला की काही उणे वाटत नाही. अनुसयाबाई चांगल्याच असतील. पण त्यांच्याशी बोलावे लागेल.

तेव्हा रविवारी एकटीच ये. कोंबड्याला हसू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
पितांबर

ता. क. हेमकांत वीस तारखेला मला न्यायला येणार होता. लग्नाची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली. काल रूपालीचा फोन आला, "बाबा, आता तुम्हाला सोबत मिळतेय, तर राहा तिकडेच." मी काही बोललो नाही. (मी बोलत नाही हे सुनेला माहीतच आहे.) तर वर लिहिले ते फक्त तुझ्यापुरते. दिवाळीपर्यंत कुणालाही लग्न नाही असे म्हणू नकोस, मागची भिंत रंगवायची आहे आणि ती मोठी आहे. अनुसयाबाईंना मात्र खरे सांग.

आणखी एक. घरातला डिंक संपला आहे. माझ्यापुरता भात आत्ताच झाला. त्यातली चार शिते घेऊन पाकीट चिकटवतो.