न पेटणारी वाईन

आप्पा, आज मी दारूच्या दुकानात गेले होते. शहाद्यात नाही, इथे भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे ओळखतात. एसटीनं नंदुरबारला गेले आणि बाटल्या झाकायला पिशवीत मेथीची जुडी घेतली. रविवारी तुमच्या नातवाच्या सोयरिकीचे पाहुणे येतायत. मुलगी नाशिककडची, घरची द्राक्षाची शेती, आणि जेवणाआधी वाईन घ्यायची त्यांच्याकडे रीत आहे. पोरगा फोनवर म्हणतो, "आई, एक चांगली बाटली आणून ठेव, त्यात एवढं काय?" आजोबा झटक्यानं गेले असंच मी त्याला आजवर सांगत आले. मग बाटलीत काय असू शकतं ते त्याला कुठून कळणार?

दुकानात मला बघून गिऱ्हाईकं बाजूला सरकली. दुकानदार मात्र पोरगेलासा, सोशिक होता. "माय, पहिल्यांदाच ली ऱ्हायन्यात का? जेवाले काय शे?" मी सांगितलं, वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत, तिखटजाळ. "मंग लाल नका लेवा, कडू लागी. गोडसर पांढरी ल्या. आनि ती दारजवळली नका लेवा, तिले ऊन लागस." त्यानं आतल्या गार फळीवरून बाटली काढली, सील दाखवलं, कुठं आणि कधी भरली ते वाचून दाखवलं. फिरवायचं झाकण घ्या म्हणाला, म्हणजे बूच उपसत बसायला नको. हे सगळं मी लुगडं निवडताना ऐकावं तसं नीट ऐकून घेतलं. मग मला जे विचारायचं होतं तेच विचारलं, की घरी पेटवून पाहिली तर चालेल का. तो मोठ्यानं हसला. "माय, वाईन पेटत नही! ती काय हातभट्टी शे का?" सगळे हसले. मी एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या मागितल्या.

पेटवून पाहायचं तुम्हीच तर शिकवलंत. प्रकाशा गावाजवळच्या आपल्या घरात, चुलीपुढे, मी सातवीत असेन. तळोद्याकडून जीपवाला तुम्हाला मोहाची आणून द्यायचा, घरात कुणाला न सांगता, कारण आपल्या लोकांत नावही काढायची सोय नव्हती. त्या दिवशी तो आला नाही, कुणी परकाच येऊन देऊन गेला. आई गोठ्यात होती. तुम्ही ताटलीत थोडी ओतली, काडी लावली आणि मला जवळ ओढलंत. "दख, निळी शे ना ज्योत? मंग काय भेव नही." ज्योत निळीच होती, आप्पा. इतकी सुंदर की मी हात पुढे केला आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. त्यात मिसळलेलं विषही निळंच जळतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांजेला तुम्ही ओट्यावर बसलाय आणि म्हणताय, "दिवा लाव ना व पोरी, आंधारं कसाले करी ठेवं?" दिवा तुमच्या समोरच जळतोय. मी वात वाढवते. तुम्ही पुन्हा तेच म्हणता. आई पळत येते, तुमच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवते आणि शेजाऱ्यांना हाका मारत सुटते. शहाद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तुमचा श्वास थांबला होता.

आज घरी आले, दार लावलं. तुमचे जावई गेल्यापासून घरात मी एकटीच असते. ताटलीत वाईन ओतली, काडी धरली. काडी चर्र करून विझली. दुसरीही विझली. दुकानदार खरं बोलत होता, मग माझ्याकडे पारख करायला उरलंच काय? माझ्या पोराच्या, त्याच्या होणाऱ्या बायकोच्या पेल्यात मी ती डोळे मिटून ओतणार नाही. म्हणून एक बाटली पाहुण्यांची ठेवली आणि दुसरी मी प्याले. आज शुक्रवारीच प्याले, कारण तुम्हालाही लगेच काही झालं नव्हतं. उद्या सांज होईपर्यंत काही झालं नाही तर त्याच खोक्यातली तिची बहीण पाहुण्यांपुढे ठेवेन.

तेव्हापासून खिडकीशी बसून समोरच्या घरावरची पाटी वाचतेय. अक्षरं आता पुसट दिसू लागली आहेत. सांज झालीय म्हणून असेल. दिवा लावायला उठवत नाही, लावूनही उजेड पडला नाही तर, ही धास्ती वाटते. हे तुम्हाला लिहून तरी काय, टाकायचं कुठे? फाडून चुलीत घालेन.

एक मात्र खरं सांगते, आप्पा. पारखायला एक घोट पुरला असता. पेला संपल्यावर मी पुन्हा भरला, आणि तेव्हा माझ्या मनात पोरगा नव्हता, पाहुणे नव्हते. मला ती आवडली.