साडेचारची गोळी

८ ऑक्टोबर, फुनाबोरी, जपान

ठोके बेताल! स्टेशनच्या जिन्यावर धाप लागली, छाती धडधडायला लागली. केतकीने हॉस्पिटलात नेलं. लेक दुभाषी, महिन्याभराची नात तिच्या पोटाशी बांधलेली, आणि मी वायरी लावून आडवा. डॉक्टर मोरी म्हणाले (म्हणजे केतकी म्हणाली) — हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय. तिथे रक्ताची गुठळी झाली तर थेट मेंदूत जाईल. म्हणून रक्त पातळ करणारी नवी गोळी. स्टेंटला सहा वर्षं झालीत, आता ती एकटी पुरे. रोजची ॲस्पिरिन बंद. दोन्ही घेतल्या तर रक्तस्राव.

आणि विमान? ठोके ताळ्यावर येईपर्यंत नाही. वीस तारखेचं तिकीट गेलं!

सांगलीला शैलजाला काही कळवायचं नाही. केतकीला शपथ घातली.

९ ऑक्टोबर

साडेचारला शैलजाचा फोन. तिकडे एक वाजलेला. "अहो, गोळी?" स्टेंटनंतर एकदा ॲस्पिरिन तुळशीच्या कुंडीत टाकताना बायकोने पकडलं, तेव्हापासून तिच्यासमोरच घ्यायची. जपानला आलो तरी सुटका नाही — पाकीट दाखवा, गिळा, आ करा!

बंद झाली म्हटलं तर का बंद झाली तेही सांगावं लागेल. घेतली. एवढीशी तर गोळी.

तिकीट पुढे ढकललंय, केतकीला अजून माझी गरज आहे, असं ठोकून दिलं. वाटलं, चिडेल. "राहा की, घाई नाही," म्हणाली.

१० ऑक्टोबर

घाई नाही म्हणे!

१२ ऑक्टोबर, दसरा

केतकीने श्रीखंड केलं, छान झालं होतं. मला गोड लागलं नाही. लेक आहे, नात आहे, जावई शब्द खाली पडू देत नाहीत. तरी आपलं दार हवं. दारातली शैलजा हवी.

"तोरण दाखव ना," म्हटलं. "बॅटरी संपत आलीय." फोन इतका जवळ धरते की कपाळ आणि नाक एवढीच बायको दिसते! हल्ली फार बोलतही नाही. चाळीस वर्षांत इतके दिवस वेगळे राहिलो नव्हतो, आणि हिला काहीच नाही? रुसलोय मी. गोळी मात्र घेतली.

१४ ऑक्टोबर

दात घासताना रक्त. दंडावर जांभळा डाग. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला.

१६ ऑक्टोबर

साडेचारला आ केला आणि नाकातून धार लागली! शैलजा तिकडे "केतकी! केतकी!" ओरडतेय. नाक चिमटीत धरून बसलो, अर्ध्या तासाने थांबलं. मग हॉस्पिटल. इथे प्रत्येकाची औषधांची वही असते. डॉक्टरांनी माझी उघडली आणि ॲस्पिरिनवर मारलेल्या लाल फुलीवर बोट ठेवलं. ओरडले नाहीत. केतकी ओरडली.

"आईपासून लपवायला रक्त सांडणार होतात, बाबा?" मग रडली. सांगलीहून आणलेली सगळी पाकिटं घेऊन गेली. आईला फोनवर सगळं सांगितलं तिने. मी फोन घेतला नाही, लाज वाटली.

१७ ऑक्टोबर

साडेचार. "अहो, गोळी नाही ना घेतलीत?"

नाही म्हटलं. आ करायला लावलं नाही. मग मीच म्हणालो, शैलजा, मला घरी यायचंय. तू एकदा तरी 'या' म्हण.

"आता माझंही बघा," म्हणाली, आणि फोन लांब धरला. मागे आमची भिंत नव्हती. पलंगाला स्टीलचे कठडे, पाय उशीवर. पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पंधरा दिवस झाले.

"म्हणून म्हटलं, घाई नाही."