कोणाच्या छातीभर पाणी?

बाबा, चूक तुमची होती. आज लिहूनच टाकते, कारण आता तुम्हाला मधे बोलता येत नाही.

नव्याण्णव साल, मी बारा वर्षांची. नवेगावच्या तलावात शिंगाडे काढायला तुम्ही मला पहिल्यांदाच डोंग्यात घेतलं होतं. तुमच्या बांबूवर गुडघा, कंबर, छाती अशा तीन खाचा होत्या, तुमच्याच अंगाला लावून कोरलेल्या. बांबू तळाला टेकवायचा, कोणत्या खाचेपर्यंत ओला झाला ते बघायचं आणि मागच्यांना ओरडून सांगायचं. तुम्ही "छातीभर" म्हणून ओरडलात आणि मी बिनधास्त उडी मारली. छाती तुमची होती, बाबा. पाय तळाच्या चिखलात रुतले आणि मी पार बुडाले. वेणीला धरून तुम्ही मला वर ओढलंत आणि आधी एक थापड दिलीत. "काऊन उतरली तू? छातीभर मनलं होतं ना मी!" खोकता खोकता मी विचारलं, "कोनाच्या छातीभर?" तुम्ही डोंगा काठाकडे वळवलात, आणि पुन्हा कधी मला त्यात घेतलं नाहीत. चुकायचं तुम्ही आणि भोगायचं मी!

म्हणून मी अशी मोजणी शिकले, जी कोणाच्याच अंगाला लावलेली नसते. तुम्ही जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. अंगणात जाळं शिवत बसला होतात. मी सांगत होते, उपग्रहाच्या फोटोवरून समुद्राच्या काठची खोली काढता येते. नितळ, उथळ पाण्यात उजेड तळापर्यंत जाऊन परत येतो. हिरवा उजेड लवकर विरतो, निळा उशिरा. कोण किती परत आला त्यावरून हिशेब लागतो. तुम्ही सुई थांबवलीत. "पाय ओला न करता पानी मोजून राहिली का तू? वरून पाहून समजत असतं तं आमी बांबू कायले धरला असता?" मी रागानं उठून गेले. ते आपलं शेवटचं धड बोलणं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण माघार मी अजूनही घेत नाही.

पुढे लक्षद्वीपच्या एका बेटापाशी आम्ही फोटोंवरून केलेला नकाशा पडताळायला गेलो. नकाशात एक जागा चांगली खोल दिसत होती. नाववाल्यानं काठी टाकली, तर पाणी जेमतेम कंबरेला. तळाशी समुद्रगवत होतं; त्या काळ्या तळानं उजेड गिळला होता आणि गणितानं त्यालाच खोली समजलं. नाववाला हसला, अगदी तुमच्यासारखा. बरोबरचे म्हणाले, एवढा तुकडा वगळून टाकू. मी हटून बसले. गवताच्या जागा वेगळ्या काढल्या, तिथे काठीनं मोजलं, त्यांचं गणित वेगळं मांडलं, आणि ते जुळलं. ऐकलंत? वरून पाहूनच जुळलं. काठी लागली, हे खरं. पण तिच्यावर मीटरच्या खुणा होत्या, कोणा एकाची छाती नव्हती.

त्यानंतर गावी आले. आईनं तुमचा बांबू परसात वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवला होता. सहज टेप लावायला गेले. बुडाशी माती उकरली, वर चढलेला वेल बाजूला सारला, तर तीनच्या चार खाचा निघाल्या. कंबरेच्या आणि छातीच्या मधे एक बारीकशी, नंतर कोरलेली. आईला विचारलं. ती शेंगा तोडता तोडता म्हणाली, "तू बुडाली त्याच दिवशी कोरलन तुह्या बापानं. मने, पोरीची छाती एवढीच तं आहे."

मग तोंडानं का नाही सांगितलंत, बाबा? थापड मारताना हात चालला, सांगताना जीभ उचलत नव्हती? राग आहे माझा, आणि तो राहणार.

हा कागद कुठे धाडायचा नाही. फक्त एक कबूल करते. माझ्या बापानं आपली चूक कधी मानली नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ती खाच पाहिल्यावरही सांगत राहिले.