छपरीतल्या सोळा जणांचा फोटो

आसगाव, ता. पवनी
सोमवार, २१ जुलै २०२५

चि. जीवन यास अ. उ. आ.

आशीर्वाद वरच्यावर घे, आज त्याच्यापेक्षा जास्त भेटणार नाही. तुले कोणी सांगितलं होतं रे माह्या घरापुढच्या छपरीचा फोटो काढून तुह्या चर्चच्या मंडळीच्या मोबाईल-गटात टाकायले? बहिणीले भेटायले आला, चहा प्याला, कांद्याचे भजे खाल्ले, आन जाता जाता मोबाईल काढला. मले वाटलं बायकोले, मेघाले दाखवायसाठी असंन. आन तू खाली लिहिलं काय, तर आसगावात प्रभूचे कार्य जोरात, सोळा जीव प्रार्थनेत लीन! कोण लीन होतं? मी त्यांच्यापुढं डाळ निवडायले सुपं ठेवले होते, ते माना खाली घालून खडे वेचून राहिले होते. ज्या पार्वताबाईले तू सगळ्यात पुढं घेतलं, तिच्या गळ्यातली तुळशीची माळ फोटोत चांगली ठसठशीत दिसते. बाकी नाही तर तेवढं तरी पाह्याचं.

तुले माहीत आहे, पाच वर्षं झाले, धानाचं रोवणं लागलं का आमच्या गल्लीतल्या बाया रोपं लावायले बांधीच्या चिखलात उतरतात, आन त्यांचे लहान लेकरं आन थकलेले म्हातारे दिवसभर माह्या छपरीत राहतात. मी कोणाले बोलावत नाही, कोणाले येशूचं नावही सांगत नाही. मले वावर नाही, हात मोकळे आहेत, आन शेजाऱ्यावर प्रेम कर असं आपल्याले लहानपणी शिकवलं, म्हणून करते. वरण-भात चारते, नाकं पुसते, हागलं-मुतलं धुते. संपलं.

तो फोटो लाखांदूरहून फिरत फिरत डिंपलच्या मोबाईलवर आला. डिंपल म्हणजे समोरच्या मंदाबाईची सून, आन पार्वताबाई म्हणजे मंदाबाईची सासू. काल सकाळी मंदाबाईनं गल्लीत उभं राहून सगळ्यांसमोर म्हटलं का ही बाई आपले लेकरं बाटवून राहिली. आज छपरीत एक माणूस नाही. पार्वताबाईले डोळ्यानं दिसत नाही, खडेही ती बोटानं चाचपून वेचत होती, तिले आता घरात बाहेरून कडी लावून ठेवतात. डिंपलची दीड वर्षाची पोरगी बांधीच्या पाळीवर, त्या वीतभर मातीच्या बांधावर, छत्रीखाली बसवतात, दोन्हीकडून पाणी. रोवणं अजून दोन हप्ते चालंन. मी चार वेळा त्यांच्या दारात गेली, चारही वेळा दार लावून घेतलं.

फोनवर तू मधातच बोलतोस, म्हणून कागद लिहून लाखांदूरच्या गाडीनं टेकचंद कंडक्टरच्या हाती पाठवून राहिली. केलं तू आहेस, आता निस्तरतोस कसा ते सांग.

मेघाले आशीर्वाद. लोभाचं मग पाहू, राग उतरू दे.

तुही ताई
रीता


लाखांदूर
बुधवार, २३ जुलै २०२५

ती. ताईस, जीवनचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र हातात देताना टेकचंदने विचारलं की आत फटाके आहेत काय, कारण देतानाच तू त्याला दम भरला होतास म्हणे. वाचल्यावर वाटलं, तो फार चुकला नव्हता.

ताई, चूक झाली. फोटो मी काढून टाकला आहे, पण तोवर तो किती मोबाईलवर गेला हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी खोटं लिहायचं म्हणून बसलो नव्हतो. आमच्याकडे रविवारी बाकं भरतात आणि सोमवारी कोणी कोणाच्या दारात जात नाही. माझी बहीण काय करते ते दाखवलं तर चार जण तरी उठतील, असं मनात होतं. मग त्या खाली घातलेल्या माना दिसल्या आणि मोह झाला. डाळ निवडली म्हटलं तर कोण आमेन म्हणणार? हे तुझ्याशिवाय कोणापाशी कबूल करणार नाही.

सोबत माफीपत्र पाठवतो आहे, माझ्या सहीचं आणि मंडळीच्या शिक्क्याचं. ते मंदाबाईंना वाचून दाखव. मी स्वतः येईनच, पण शनिवारी इथे लग्न लावायचं आहे आणि रविवारची उपासना तर पाळकाला सोडता येत नाही. पुढे एखादा मधला वार बघतो. तोवर तू शांत राहा. हे सांगायचं धाडस पत्रातच होतं.

मेघा म्हणते की ताईंचं बरोबर आहे, भजीसुद्धा मला द्यायला नको होती. भाऊजींना सलाम. कितीही रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ
जीवन


आसगाव
मंगळवार, २९ जुलै २०२५

चि. जीवन यास अ. उ. आ.

तुहं शिक्क्याचं पत्र मी मंदाबाईच्या दारात उभं राहून वाचलं. तिनं आतून सगळं ऐकलं, आन म्हणे का कागद काही लेकरू सांभाळत नाही. मले तिचं पटलं.

म्हणून शुक्रवारी मी तिच्या बांधीत गेली. कोणी बोलावलं नव्हतं. लुगडं खोचलं, रोपांची जुडी उचलली आन तिच्या बाजूले उभी झाली. आमच्याकडं रोवणाऱ्या रांगेतून कोणत्याच बाईले हाकलत नाहीत, त्यामुळं तिले चूप राहावं लागलं. सगळ्या संगं मागं मागं सरकत होतो. मले रोवायची सवय कुठं? माही ओळ वाकडी. ती न बोलता माही रोपं उपटायची आन सरळ लावायची. दुपारपर्यंत आमचं इतकंच बोलणं.

जेवायच्या आधी डिंपलची पोरगी पाळीवरून घसरली आन तोंडावर पाण्यात पडली. मी जवळ होती, पाय धरून ओढली. घडीभर रडलीच नाही. मग अशी बोंबलली का मले आयुष्यात काही इतकं गोड वाटलं नाही. दवाखान्यात दाखवलं, आता थोडा खोकला आहे, बाकी बरी आहे. मी उचललं यात काही मोठं नाही, ते लिहून कुठं टाकू नको. मंदाबाई पाळीवर बसून रडली, आन रडता रडता मलेच शिव्या देत होती. मग विचारलं का तो फोटो मी काढायले लावला का भावानं आपल्या मनानं काढला. मी म्हणली, भावानं. पण भाऊ माहा आहे, तर अर्धी शिवी मलेही ठेव.

त्यावर ती म्हणे, येऊ दे मग त्याले. पण बोलायले नाही. या रविवारी, तीन तारखेले, पाच घरच्या उरलेल्या बांध्या एका दिवसात रोवायच्या आहेत, कारण सोमवारी नहराचं पाणी बंद होते. सगळ्या बाया उतरणार. मंदाबाईच्या रांगेत एक बाई कमी आहे, तिथं मी उतरते म्हणून शब्द देऊन बसली. तुहे भाऊजी ट्रॅक्टर घेऊन चिखलणीले. म्हणजे छपरीत बारा लेकरं आन चार म्हातारे, आन त्यांच्यापाशी तू. मंदाबाईले पाह्याचं आहे का हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत लेकरांची ढुंगणं धुते, आन एकही उपदेश करत नाही, असं होते काय. झालं तर ती गल्लीले सांगंन. नाही झालं तर पोरगी त्याच पाळीवर.

रविवार आहे, मले दिसते. मी चौथी शिकलेली, पाळकाले धर्म काय सांगू? पण येशूनं शिष्यांचे पाय धुतले तव्हा कोणाले फोटो काढायले उभं केलं नव्हतं. मंडळीले खरं खरं सांग का बहिणीच्या गावात मी काय करून ठेवलं, आन एक रविवार त्यांचे त्यांना गाणे म्हणू दे. गाणे त्यांना तुह्यापेक्षा चांगले येतात. येताना पांढरा सदरा घालू नको, जुना लुंगी-बनियान घेऊन ये. वरण-भात मी पहाटेच करून ठेवीन.

मेघाले आशीर्वाद, तिले म्हणावं भजे पुन्हा भेटतील, पण रोवणं झाल्यावर. तुह्यावरचा जीव होता तितकाच आहे, त्याची चिंता करू नको, आधी उत्तर दे.

गुरुवारी, एकतीस तारखेले, संध्याकाळच्या गाडीनं मले टेकचंदच्या हाती उत्तर पाह्यजे. येतो, एवढंच लिहिलं तरी चालंन. आन येत नसशील, तर रविवारी त्या सोळा जणांपाशी तुह्या जागी कोण बसंन, त्याचं नाव लिहून पाठव.

तुही ताई
रीता