जड दाताळं

३ नोव्हेंबर, सोमवार

पेंढा संपला एकदाचा! आजपासून बाराही ठाणांत लाकडी गोळ्या. भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. पाणी शिंपडलं की फुगतात आणि घोड्याखाली मऊ भुसा तयार.

पण आमची जुनी दाताळी यात कुचकामी. चार दात, मध्ये हातभर फट. लीद उचलली की निम्मी परत खाली.

मालकीणबाई मला म्हणाल्या, "मुकादम आता तू. अवजारं तूच निवड."

मुकादम! मी! तबेल्यात आम्ही तिघी — सासूबाई, मी आणि ती गाणारी, जिचं तोंड गुणगुणायचं थांबत नाही. सासूबाई एकोणीस वर्षं इथे. मला लीद उचलायला त्यांनीच शिकवलं. लगेच म्हणाल्या, "मुकादम झालीस तरी कोपरे नीट काढ हो." गाणारी फिदीफिदी हसली.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानदाराने तीन नमुने पाठवले. तांबडी घोडीच्या ठाणात तिन्ही चालवून बघितले.

पहिलं अगदी बारीक दातांचं. भुसा गळतच नाही, चांगलाही बाहेर जातो. बाद.

दुसरं प्लास्टिकचं. दात जवळजवळ, कडा सुपासारख्या वळलेल्या. जरा हलवलं की कोरडा भुसा खाली, लीद वर. आणि हलकं! सासूबाईंनी उजव्या हातात धरलं. गेल्या वर्षी घोड्याने दोर ओढला तेव्हा मोडलेलं ते मनगट, वाकडंच जुळलंय. म्हणाल्या, "हे बरंय गं. हातात आहेसं वाटतच नाही."

तिसरं पोलादी, रुंद, लांब दांड्याचं. माझ्या उंचीला बरोबर. त्यांच्या खांद्याच्याही वर जातं. दोनदा झटकलं आणि त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोलादी सांगितलं. तीन नग. कारण दिलं — टिकतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

नवी दाताळी आली. माझी पाच ठाणं झाली तेव्हा सासूबाईंची दोन. झटकायला जोर लागतो, मनगट साथ देत नाही. मग लिदीबरोबर चांगला भुसाही हातगाडीत. मी बघत होते. घड्याळही बघत होते!

इथे तरी खरं लिहू दे. मला माहीत होतं. दुकानदाराला फोन लावताना त्यांचं मनगट माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तरी मी "पोलादी" म्हणाले. टिकण्याबिकण्याचं काही नाही. शेजारच्या ठाणातून दिवसभर येणारा तो आवाज — हे असं नको, ते तसं कर — तो मला नको होता. घरी सासू, कामावर सासू. कुठेतरी एका जागी मी मोठी असावी, एवढंच.

लिहिलं. वाचवत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकीणबाईंनी विचारलं, "झेपतंय का त्यांना?" मी म्हटलं, "वय झालं आता." जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाईंचा तबेल्यातला शेवटचा दिवस. मालकीणबाईंनी आता आराम करा म्हटलं. गमबूट धुऊन उलटे ठेवले. तांबडीच्या मानेवर थोपटलं.  वाटेत मी खाली बघून चालले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

सासूबाई शेजारीपाजारी सांगत सुटल्यात — "सुनेने मुद्दाम जड अवजार आणलं. तोंडाने सांगितलं असतं तर मी घरी बसले असते का? माझं मनगट तिला बघवत नव्हतं!" समोरच्या काकूंनी जिन्यात अडवून गालावरून हात फिरवला. "अशी सून मिळायला नशीब लागतं."

आणि हे! जेवताना माझ्याकडे असे बघत होते की लग्नातसुद्धा असं बघितलं नव्हतं. "आईचा एवढा विचार केलास," म्हणाले.  ओरडून सांगावंसं वाटलं. पाणी प्यायले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काकूंनी आज त्यांच्या सुनेला माझं उदाहरण दिलं. ती बिचारी मान खाली घालून उभी. मी पळाले तिथून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तांबडी लंगडतेय. डॉक्टरांनी खूर उचलला — तळव्याला सडका वास, काळं पाणी. "खालचा भुसा ओला राहतोय," म्हणाले. "इतक्या वर्षांत या तबेल्यात हे बघितलं नव्हतं. कोण काढतं हे ठाण?"

मी. सासूबाई गेल्यापासून मीच काढते. वरून छान दिसतं, मऊ, पिवळं. लांब दांडा, वाकायला नको, सरळ उभी राहून मी झटकत होते. आज गुडघ्यावर बसून हात खुपसला तर खाली चिखल. सासूबाई रोज तळहात दाबून बघायच्या. मला दहादा सांगितलं होतं. मला वाटायचं, उगाच मागे लागतात.

डॉक्टरांना म्हटलं, "मी काढते." बाकीचं मात्र नाही बोलले. किती भित्री आहे मी!

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मालकीणबाईंना सगळं सांगितलं — मनगट, दाताळं, वय झालं म्हणाले तेसुद्धा. त्यांनी हलकी दाताळी मागवली. मुकादमीचं उद्या बोलू म्हणाल्या.

मग घरी. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हटलं, "आई, ते दाताळं तुमच्या आरामासाठी नव्हतं. मला तुम्ही तिथे नको होतात."

त्यांचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे. तिन्ही मीही चालवून बघितली होती ना?"

"मग सगळ्यांपुढे माझं एवढं कौतुक का केलंत?"

"भांडले असते तर तूही भांडली असतीस. कौतुक सहन होत नाही माणसाला." घडी नीट दाबली. "आठवडा काढलास! मला वाटलं होतं, दोन दिवसांत येशील."